जुनी पिकअप घेताय? आधी चासी, मग ब्रेक, रंग सगळ्यात शेवटी

जुन्या पिकअपच्या प्रेमात माणूस समोरून पडतो. चौकोनी नाक, रुंद बोनेट, गोल दिवे. विकणाऱ्यालाही हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून ती बाजू घासूनपुसून, रंग मारून तयार ठेवलेली असते. गाडीचं भवितव्य मात्र ठरतं खाली, चिखलाने माखलेल्या दोन लांब लोखंडी तुळयांवर, म्हणजे चासीवर. इंजिन बांधता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो, सीट नव्याने शिवून घेता येते. चासी सडलेली असेल तर बाकी सगळं उत्तम असूनही हाती काही उरत नाही.

पंचवीस-तीस वर्षं किंवा त्याहून जुनी पिकअप हौसेखातर घ्यायची, अधूनमधून तिच्याकडून थोडं कामही करून घ्यायचं आणि जमेल तेवढी डागडुजी आपल्या हातांनी करायची, असा ज्यांचा बेत आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. रोज वेळेवर कामावर पोचवणारी एकमेव गाडी म्हणून जुनी पिकअप घेणार असाल तर आणखी एकदा विचार करा. बिघडलेली गाडी चार दिवस जॅकवर उभी राहू शकली, तरच हा छंद सुखाचा होतो.

१. मॉडेल निवडताना सुटे भाग आधी शोधा

दुर्मीळ मॉडेलचा मोह सगळ्यांना होतो. पहिल्या गाडीसाठी तो टाळा. जी मालिका दीर्घकाळ आणि लाखांनी बनली, तिचे भाग आजही मिळतात. टोयोटाची हायलक्स १९६८ पासून आहे, फोर्डची एफ-मालिका १९४८ पासून आणि त्यातली एफ-१५० ही १९७५ पासून. अशा गाड्यांचे भाग मूळ कंपनीखेरीज इतर कारखानेही बनवतात.

गाडी बघायला जाण्याआधी पुढच्या पाच वस्तू मिळतात का ते शोधून बघा: वॉटर पंप, क्लच प्लेट, ब्रेकचा मास्टर सिलिंडर, पुढची काच आणि दारांची रबरं. पहिल्या तीन बहुधा मिळतील. अडतं ते शेवटच्या दोनपाशी. यांत्रिक भाग दुसऱ्या गाडीचा बसवता येतो, पण दाराचं रबर किंवा दिव्याची पट्टी त्याच मॉडेलची लागते. म्हणून इंजिन थकलेली पण आतून-बाहेरून पूर्ण असलेली गाडी, इंजिन ठणठणीत पण अर्धे तुकडे हरवलेल्या गाडीपेक्षा नवख्याला जास्त परवडते.

तंत्रज्ञानाचा काळही बघा. कार्ब्युरेटरची पेट्रोल गाडी किंवा यांत्रिक पंपाची डिझेल गाडी पाना आणि साधा टेस्टर हातात घेऊन समजून घेता येते. सगळ्यात छळतो तो मधला काळ: इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आलेलं, पण प्रत्येक कंपनीची दोष ओळखण्याची पद्धत वेगळी. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून दोष वाचण्याची एकच जोडणी सगळ्यांना सक्तीची झाली, त्याआधीच्या इंजेक्शनच्या गाडीचं मूळ मॅन्युअल मिळाल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नका.

२. कागद आणि ठोकलेले आकडे

सोबत ठेवायचं आणि तपासायचं ते इतकं:

- नोंदणीचा कागद, आणि त्यावरचं नाव विकणाऱ्याचंच आहे याचा पुरावा
- गाडीवर कर्ज नसल्याचा किंवा ते फिटल्याचा दाखला
- चालू विमा आणि प्रदूषण तपासणी, जिथे लागते तिथे
- इंजिन किंवा रंग बदलला असेल तर त्याची नोंद
- जुनी बिलं, कितीही मळकी असली तरी

चासी नंबर चासीवरच ठोकलेला असतो. तो स्वतः वाचा. विकणाऱ्याने पाठवलेल्या फोटोवर भागवू नका. वायर ब्रश आणि टॉर्च न्या, कारण आकडे बहुधा गंजाखाली असतात. अमेरिकेत १९८१ पासूनच्या गाड्यांचा क्रमांक सतरा अक्षरांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही रोमन अक्षरं नसतात. त्याआधीचे क्रमांक आखूड असतात, त्यामुळे कमी अक्षरं दिसली म्हणून लगेच संशय घेऊ नका. आकड्यांभोवती वेल्डिंगची रेघ किंवा घासल्याच्या खुणा दिसल्या तर मात्र तिथूनच परत फिरा. इंजिन बदललेलं असणं हा दोष नाही. बदलून कागदावर न आणणं हा आहे. जुन्या गाड्यांना वयाची किंवा धुराची मर्यादा लागू आहे का, हे पैसे देण्याआधी आपल्या नोंदणी कार्यालयातून विचारून घ्या.

३. खाली शिरा

पूर्ण तपासणीतला अर्धा वेळ इथे द्या. जुने कपडे, टॉर्च, छोटी हातोडी, टोकदार पेचकस आणि एक लोहचुंबक एवढं पुरे.

पिकअपची चासी म्हणजे दोन लांब तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. केबिन त्यावर रबरी बैठकांवर बसवलेली असते आणि हौदा, म्हणजे मागचा माल ठेवायचा भाग, वेगळा. तुळई उघडी असेल तर गंज दिसतो. चारी बाजूंनी बंद असेल तर चिखल आत साचून ती आतून खात जाते आणि बाहेरून काळा रंग शाबूत दिसतो. म्हणून हातोडीने हळू ठोकत जा. चांगलं लोखंड खणखणतं, सडलेलं ठस्स वाजतं. जिथे आवाज बदलेल तिथे पेचकसाचं टोक दाबा.

खास बघायच्या जागा: मागच्या अॅक्सलच्या वर तुळई जिथे कमानीसारखी उचललेली असते तो भाग, पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) पुढच्या-मागच्या खुंट्या, केबिनच्या मागच्या बैठका आणि स्टिअरिंग बॉक्स बसवलेली जागा. शेवटच्या ठिकाणी गंजापेक्षा केसासारख्या बारीक चिरा शोधा.

खालून ताजा, जाड काळा लेप दिसला तर मालकाने गाडी जपली असेल किंवा काही झाकलं असेल. लेप कधी दिला आणि त्याआधीचे फोटो आहेत का, हे सरळ विचारा.

मग गाडीपासून लांब जाऊन केबिन आणि हौदा यांच्यातली फट बघा. दोन्ही बाजूंनी, वरपासून खालपर्यंत ती सारखी हवी. वर रुंद आणि खाली अरुंद असेल तर चासी वाकलेली असू शकते, किंवा बैठकांची रबरं बसली असतील. रबरं बदलता येतात, म्हणून निष्कर्ष काढण्याआधी तीही बघा. केबिनचे मागचे कोपरे, दाराखालची पट्टी आणि चाकांच्या कमानी यांवर चुंबक फिरवा. तो घसरला तर खाली पुट्टी आहे. थोडी पुट्टी मीही खपवून घेतो. वीतभर लांब पट्टा म्हणजे तिथे पत्राच उरलेला नाही.

४. इंजिन थंड असतानाच चालू करा

पोचण्याआधी विकणाऱ्याला सांगा की गाडी चालू करू नका. पोचल्यावर बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर थंडीत चालू न होणारं इंजिन लपवलं जात असण्याची शक्यता आहे.

धुराचा रंग थोडक्यात: निळसर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे इंधन जास्त जातंय. पांढरा आणि गोडसर वासाचा धूर इंजिन गरम झाल्यावरही थांबत नसेल तर कूलंट आत शिरतोय. थंड डिझेल इंजिनाचा सुरुवातीचा पांढरा धूर मात्र न जळलेल्या इंधनाचाही असतो, त्याला लगेच घाबरू नका. ऑइल भरण्याचं झाकण उघडल्यावर खालून जोरात फुसफुसत वाफ येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत.

विकणारा तयार असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजा. सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्त आकड्याच्या तीन-चतुर्थांशाखाली गेला तर त्या सिलिंडरात काही तरी बिनसलंय. पेट्रोल इंजिनात त्याच सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. डिझेलमध्ये हा ऑइलचा प्रयोग करू नका.

चालवताना दुसऱ्या गिअरकडे लक्ष द्या. जुन्या गिअरबॉक्समध्ये बहुधा तोच आधी करकरतो, किंवा वेग कमी करताना आपोआप बाहेर पडतो. गाडी सुटताना खालून ‘टक्’ असा एकच ठोका आला तर बहुधा प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस (सांधा) झिजलाय. हे छोटं काम आहे, पण भाव करायला चांगलं. फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर ती मातीत किंवा खडीवर टाकून बघा. जुन्या प्रकारच्या फोर-व्हीलमध्ये पुढच्या आणि मागच्या शाफ्टमध्ये फरक सामावणारं काही नसतं, त्यामुळे कोरड्या डांबरावर वळलात तर सगळा ताण गिअर आणि शाफ्टवर येतो.

५. घरी आणल्यावर पहिलं काम: थांबणं आणि वळणं

गाडी ताब्यात आली की स्टिरिओ, सीट कव्हर, रंग यांकडे बघूही नका. जी थांबते आणि सरळ जाते तीच पुढे दुरुस्त करत बसता येते.

ब्रेकचं द्रव हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ दर्जाचं द्रव ताजं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, ओलावा शोषल्यावर ही किमान मर्यादा १४० वर येते. उतारावर ओझ्यासह सतत ब्रेक दाबले की नेमकं तेच तापमान गाठलं जातं आणि पेडल मऊ होऊन खाली जातं. म्हणून इतिहास माहीत नसलेल्या गाडीतलं सगळं द्रव काढून नवं भरा आणि नळ्यांतली हवा काढा. पुढे दर दोन वर्षांनी हेच. डॉट ३, ४ आणि ५.१ एका कुळातले आहेत. डॉट ५ सिलिकॉनचं आहे, ते यात कधीही मिसळू नका. रबरी ब्रेक नळ्या बाहेरून चांगल्या दिसल्या तरी बदला. त्या आतून फुगल्या की चाक दाबलेलं राहतं आणि आपण विनाकारण कॅलिपरला दोष देत बसतो.

मागचे ड्रम उघडताना धूळ फुंकू नका आणि हवेच्या नळीने उडवूही नका. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असे. ओल्या फडक्याने पुसा.

बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या अॅक्सलला एक दांडी जोडलेली असते, तिचं दुसरं टोक चासीवरच्या एका व्हॉल्व्हला. हौद्यात ओझं आलं की मागचा भाग दबतो, दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. हा व्हॉल्व्ह गंजून जाम झालेला सापडणं अगदी नेहमीचं आहे. कुणी मागचे पाटे बदलून गाडी उंच केली असेल तर तोही चुकीच्या जागी बसलेला असतो. व्हॉल्व्ह ओझ्याच्या स्थितीत अडकला की रिकाम्या गाडीची मागची चाकं आधी लॉक होतात.

टायरची नक्षी शाबूत असली तरी वय बघा. बाजूला कोरलेले शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष: २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा आहे, त्यावर गाडी गॅरेजपर्यंतही नेऊ नका.

६. सगळी तेलं बदलून शून्यापासून मोजायला लागा

आधीच्या मालकाने काय कधी बदललं, यावर विश्वास ठेवायचा नाही. इंजिन ऑइल, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना शक्ती वाटणारा), पुढचं-मागचं डिफरेन्शियल (अॅक्सलमधला गिअरचा डबा), कूलंट, सगळे फिल्टर, पट्टे, नळ्या: सगळं नवं आणि तारीख लिहून. बाहेर काढलेलं जुनं तेल फेकण्याआधी नीट बघा. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, चकाकणारे कण असतील तर काही तरी झिजतंय.

डिफरेन्शियलचं काम करताना आधी भरायचा बोल्ट सैल होतो का ते बघा. रिकामं केलं आणि वरचा बोल्ट निघेना, तर गाडी तिथेच अडकली.

तेलाच्या डब्यावरचे अंक इथे महत्त्वाचे. जुन्या गिअरबॉक्समधली सिंक्रो कडी (गिअर न करकरता पडावा म्हणून असलेली) पितळेची असते आणि जीएल-५ या दर्जाची काही गिअर तेलं पितळ खातात. मॅन्युअलने जीएल-४ सांगितलं असेल तर तेच घाला; डिफरेन्शियलला बहुधा जीएल-५ लागतं. सपाट टॅपेटच्या (कॅमशाफ्टवर सपाट तळाने घासणाऱ्या भागाच्या) जुन्या पेट्रोल इंजिनांना पुरेसं जस्त-फॉस्फरस असलेलं ऑइल हवं, नाहीतर कॅमशाफ्टचे उंचवटे झिजतात. इथे महाग आणि नवं म्हणजे चांगलंच, असं नसतं.

मागच्या चाकांशी ऑइल सील गळत असेल तर सील बदलण्याआधी अॅक्सलचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं छोटं तोंड) साफ करा. तो चिखलाने बुजला की आतली गरम हवा सीलमधून वाट काढते. लोक सील बदलत राहतात आणि गळती चालूच राहते.

इंजिन तापतं म्हणून थर्मोस्टॅट काढून टाका, असा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. ऐकू नका. थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन हलक्या कामात थंडच राहतं, इंधन जास्त पितं, लवकर झिजतं आणि तापण्याचं खरं कारण तसंच लपून राहतं. ते बहुधा बुजलेला रेडिएटर, सैल पंखा किंवा कुजलेलं रेडिएटर झाकण असतं. झाकण गरम इंजिनावर उघडू नका.

टायमिंग बेल्ट असेल आणि तो कधी बदलला याचा कागद नसेल तर तो आजच बदलायचा आहे असं धरा. काही इंजिनांत तो तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात.

७. हत्यारं

सुरुवातीला हजार तुकड्यांची पेटी लागत नाही. रिंग आणि ओपन पाने, सॉकेट संच, टॉर्क पाना, चांगला जॅक आणि चार भक्कम स्टँड, ग्रीस गन, मल्टीमीटर, वायर ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, आणि त्या मॉडेलचं वर्कशॉप मॅन्युअल. पिकअपच्या वजनाला शोभेल असा जॅक घ्या.

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका, दोन मिनिटांसाठीही नाही. स्टँड चासीखाली किंवा अॅक्सलखाली, चाकांना ठोकळे, आणि आत जाण्याआधी गाडी हाताने हलवून बघायची.

गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्री स्प्रे मारून ठेवा. सॉकेट सहा कोनी वापरा, बारा कोनी सॉकेट डोकं गोल करतो. आटे गेलेला एक बोल्ट अख्खी दुपार खातो.

ग्रीस निप्पल मोजून घ्या आणि त्यांचा कागदावर नकाशा काढा. प्रोपेलर शाफ्ट, पाट्यांच्या खुंट्या, स्टिअरिंगचे सांधे. एखादं निप्पल हमखास मातीच्या ढेपेखाली हरवलेलं असतं, आणि झिजलेला सांधा बहुधा तोच निघतो.

८. वायरिंग

बहुतेक विद्युत भुतं अर्थिंगची असतात. इंडिकेटर लावला की मागचा दिवा मंद होतो, हॉर्न वाजला की काटा हलतो: चासीला जोडलेल्या अर्थच्या तारा काढा, लोखंड चकचकीत घासा, पुन्हा घट्ट बसवा. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना १४ च्या आसपास दाखवते. आधीच्या मालकाने टेप गुंडाळून केलेले जोड एकेक करून सोल्डर किंवा क्रिंप करा. एकाच दिवशी सगळी वायरिंग उपसू नका.

९. गंजाशी भांडण

गंजावर जाड रबरी लेप मारणं म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं. ओलावा आत कोंडला जातो. आधी धुणं, पूर्ण वाळवणं, सुटा गंज खरवडणं, गंजरोधक प्रायमर, मग रंग. बंद तुळयांच्या आत लांब नळीने मेणाचा फवारा द्या. चासीला आणि दारांच्या तळाला पाणी वाहून जायची भोकं असतात. ती तारेने मोकळी ठेवणं हा फुकटातला सगळ्यात मोठा उपाय आहे. हौद्यात प्लास्टिकचं अस्तर असेल तर ते एकदा उचलून बघा. खाली ओली माती साचलेली सापडेल.

वेल्डिंग करून घेणार असाल तर बॅटरी सोडा, इंधनाच्या नळ्या दूर करा. इंधनाची टाकी रिकामी असली तरी तिच्यावर झाळकाम करू देऊ नका. आतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते.

१०. पाटे, हौदा आणि ओझं

मागचे पाटे सपाट किंवा उलटे वाकलेले दिसले तर गाडी बहुधा आयुष्यभर जास्त वाहत आली आहे. वर एक पाटा वाढवला की क्षमता वाढली, हा मोठा गैरसमज. अॅक्सल, बेअरिंग, ब्रेक आणि चासी तेवढेच राहतात. पाटे बदलाल तेव्हा यू-बोल्ट नवे घ्या, ताणलेले जुने पुन्हा वापरू नका, आणि काहीशे किलोमीटरनंतर परत आवळा. रबरी बुश असलेले बोल्ट शेवटी आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. हवेत लटकलेल्या पाट्यावर आवळलेलं रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

वाहण्याच्या मर्यादेत केबिनमधली माणसंही मोजतात. जड वस्तू मागच्या अॅक्सलच्या पुढे ठेवा. मागे ठेवली की पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग तरंगतं. रिकामी पिकअप ओल्या रस्त्यावर मागून सहज घसरते. वळणाआधीच वेग कमी करा.

११. बदल करण्याची खुमखुमी आणि वही

गाडी उंच करणं आणि मोठे टायर हे दोन बदल सगळ्यांना पहिल्या महिन्यात हवे असतात. मोठ्या टायरने गाडी उचल घेत नाही, ब्रेक कमी पडतात आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो. एक वर्ष मूळ अवस्थेत चालवा. कुठे काय कमी पडतं ते गाडीच सांगेल.

एक वही ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा: तारीख, किलोमीटर, काय बदललं, भाग क्रमांक, किती टॉर्कने आवळलं. काढलेला जुना भाग नवा बसून नीट चालेपर्यंत फेकू नका, नव्या डब्यात चुकीचा भाग निघू शकतो हे धरून चाला. आणि भंगारात त्याच मॉडेलची गाडी दिसली तर दारांची हँडलं, काचेची यंत्रं, दिव्यांच्या काचा आणि मूळ स्क्रू आधी काढून घ्या. इंजिन तिथे नंतरही असेल, हे तुकडे दुसरा कुणी उचलून नेईल.